सपाटी येईपर्यंत

ओला दोर उन्हात वाळवायचा नाही. सावलीत, सैल वेटोळं करून.

*

मुंबईच्या त्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाला समुद्राच्या बाजूने खिडकी नव्हती.

*

दादूचा उजवा गुडघा पावसात दुखतो आणि चढावर दुखतो. पाऊस टाळता येत नाही. चढ तो टाळतो.

*

पेणच्या शाळेतले रामचंद्र गुरुजी घाबरले की विनोद करतात.

*

कोळंबी सोलताना सफुरा कुणाशी बोलत नसे. मनात मोजत असेल, असं तिच्या नवऱ्याला वाटायचं. ती मोजत नव्हती.

*

किहीमच्या माडांत एक शाळा होती. तिला भिंती कमी आणि आवार जास्त. तिथे होडी वल्हवायला शिकवत, शीड बांधायला, डोंगर चढायला, दोरावरून उतरायला, रानात चूल पेटवून ती विझवायला. पण खरं शिकवायचं ते एकच होतं: माणसांना बरोबर घेऊन जाणं आणि सगळ्यांना परत आणणं. १९६१च्या जानेवारीत तिथे जिल्ह्यातल्या शिक्षकांचा वर्ग होता.

शिकवणारा नजमुद्दीन, थळचा. अर्धं आयुष्य गलबतावर गेलेला. शाळा निघाली तेव्हा होड्या शिकवायला म्हणून आला. मग दोर त्याच्याकडे आले, आणि दोरांच्या मागोमाग डोंगरही. सगळे त्याला तांडेल म्हणत, गलबतावरच्या म्होरक्याला म्हणतात तसं.

सफुरा त्याची बायको. मूल नव्हतं. तिचं माहेर फाळणीनंतर कराचीला गेलं, त्यामुळे तिला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. डिसेंबरात तिच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, ते बरं झालं असं डॉक्टर म्हणाले. नजमुद्दीनचा धाकटा भाऊ करमअली गोदीत कामाला होता, तो रोज जाऊन येई. वर्ग सुरू व्हायच्या आधी नजमुद्दीन तिला भेटून आला होता.

"जाऊ नको म्हणशील तर नाही जात," तो म्हणाला होता.

"जा. मी काय पळून चाललेय?" सफुरा म्हणाली होती. "आणि ते मास्तर लोक बुडले तर मला बोल लागेल."

*

शेवटच्या दिवशी तांडेल बोलत नसे.

हा शाळेचा रिवाज होता. वर्गातल्या एकाला त्या दिवसापुरता नायक करत. वाट कुठली, थांबायचं कुठे, खायचं कधी, सगळं नायकाने ठरवायचं. वाटेत बाहेरचा कुणी भेटला, काही निरोप आला, तरी तो नायकाकडे. नायक पुढे, तांडेल सगळ्यांच्या मागे. कुणाच्या जिवावर बेतत असेल तरच त्याने तोंड उघडायचं. त्याने खुणाही करायच्या नाहीत. त्याच्या चेहऱ्यावरून कुणी उत्तर वाचू नये म्हणून तो त्या दिवशी टोपी पुढे ओढून चाले.

या वर्गाच्या नायक होत्या नीराबाई. अलिबागच्या मुलींच्या शाळेतल्या कवायतीच्या बाई. वर्गात त्या एकट्याच अशा, ज्यांनी काहीही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

*

आदल्या आठवड्यात, वाळूत बसून, तांडेलने सांगितलेला नियम:

"माणूस उंचावर असला, दोरावर असला, पाण्यात असला, तर वाईट बातमी सांगायची न्हाय. आमच्या गलबतावर एक खलाशी डोलकाठीवर चढला होता. मलबारच्या बंदरात. कुणी तरी खालून ओरडलं, अरे, तुझा बाप गेला. त्याने ऐकलं. हात कपाळाला लावला. दोन्ही हात."

तो तिथे थांबे. ऐकणाऱ्यांना ते दोन्ही हात दिसायला वेळ लागे.

"म्हणून सगळे सपाटीवर येऊ द्यायचे. पाणी प्यायला द्यायचं. मग सांगायचं."

"आणि चांगली बातमी असली तर, तांडेल?" रामचंद्र गुरुजींनी विचारलं.

"कसली?"

"बायको माहेरी गेली, अशी."

"तीसुद्धा सपाटीवर, गुरुजी. तुमचे तर आनंदाने पाय पण सुटतील."

सगळे हसले. नीराबाईही हसल्या. उद्या होडी कुठली न्यायची याचं बोलणं सुरू झालं.

*

कनकेश्वराच्या डोंगराला देवळाकडून पायऱ्या आहेत. शाळा त्या वाटेने जात नसे. मागच्या अंगाला एक उभी घळ आहे, तिच्यातून दोरावर उतरायचं. घळीखाली सुट्या दगडांची घसरडी उतरण. तिच्याखाली कारवीचं रान. रान संपलं की भातखाचरं. ती सपाटी.

नीराबाई आधी उतरल्या. बाकीचे एकेक करून येत होते. वर तांडेल बसला होता. दोर त्याच्या पाठीवरून फिरून त्याच्या दोन्ही हातांत, आणि दोराच्या टोकाला दर वेळी एक माणूस.

दादू खालून आला. दादू शाळेचा स्वयंपाकी. लंगडत, काठी टेकत, सदरा पाठीला चिकटलेला.

"दादू? तुम्ही इथे?"

"बाय, जरा अंगाला या." तो दगडाला टेकला. "तांडेलची घरवाली लय बिघडली हाय. सकालच्या लाँचीचा सारंग, बाबाजी, मांडव्याला सांगून ग्येला. करमअलीचा निरोप. दुपारच्या लाँचीला पाठवा म्हनून."

"किती बिघडली?"

"पाठवा म्हनलाय म्हंजे बिघडलीच की."

"लाँच मिळेल?"

दादूने उन्हाकडे पाहिलं. "आत्ता निंगला तं मिलंल."

नीराबाईंनी वर पाहिलं. रामचंद्र गुरुजी मध्यावर लोंबकळत होते.

"बाई," गुरुजी वरून म्हणाले, "माझ्या हेडमास्तरांना सांगा, सहावीचा भूगोल मी प्रत्यक्ष बघून आलो."

"बोलू नका. डावा पाय खाली. अजून खाली."

वर दोराच्या दुसऱ्या टोकाला तांडेल होता. त्याच्या टोपीचा काठ तेवढा दिसत होता.

"वर काही बोलायचं नाही, दादू. सगळे उतरू देत."

"न्हाय बोलत. उतरल्यावं?"

"सपाटी आली की मी सांगेन."

"बाय, सपाटी लांब हाय."

"आज नायक मी आहे, दादू."

त्यात तोरा नव्हता. अंधाऱ्या जिन्यात कठड्याला हात लावावा तसं त्या ते म्हणाल्या. रिवाज दादूलाही ठाऊक होता. शेवटच्या दिवशी तोसुद्धा तांडेलला जेवणाचं विचारत नसे.

*

तांडेल सगळ्यांच्या शेवटी उतरला. पाय टेकला, दोर ओढून घेतला, वळला. त्याला दादू दिसला.

दादू खाली बघत होता.

तांडेलने नीराबाईंकडे पाहिलं. टोपी थोडी वर झाली होती.

"दोर गुंडाळू या," नीराबाई म्हणाल्या. "दादू आपल्याबरोबर येतील. सगळे माझ्या मागे. उतरणीवर दोघांत अंतर ठेवा."

तांडेलने दोर गुंडाळला. नेहमीसारखा, एकसारख्या वेटोळ्यांचा.

*

नीराबाईंच्या मनात, उतरणीवर:

त्याला काही कळलेलं नाही. कळलं असतं तर दोर असा गुंडाळला नसता. आत्ता सांगितलं तर तो पळत सुटेल, या दगडांवरून, पन्नाशीचा माणूस. त्याचे हात कपाळाला जातील. त्याने स्वतःच शिकवलं आहे. त्याची बातमी म्हणून त्याचा नियम मोडायचा? त्याला काही झालं तर तिथे ती बाई आणि इथे हा. आधी सपाटी. लाँच मिळेल. चालणं जरा वाढवू. फार नको, गुरुजींचे पाय थरथरताहेत. मिळेल लाँच.

*

तांडेलच्या मनात, सगळ्यांच्या मागे:

दादू चढ चढत नाही. दादू चढून आला म्हणजे घरचं आहे. घरी एकच माणूस. बाईंनी ऐकलं आहे आणि बाई सांगत नाहीत. हातात वेळ असता तर बाईंनी तिथेच, दोराखालीच सांगितलं असतं. सांगत नाहीत, म्हणजे आता करण्यासारखं काही राहिलं नाही. शहाणी बाई आहे. गेलेल्या माणसाची बातमी सपाटीपर्यंत थांबू शकते.

मग तो चालत राहिला. समोरच्या माणसाच्या टाचा बघत. विचारायला एक शब्द पुरला असता. पण विचारलं की ते खरं होणार होतं, आणि तसा मौनाचा दिवस होता.

*

जे वाळूत सांगायचं राहिलं ते असं.

शाळेच्या पहिल्या वर्षांत तांडेल त्या नियमाचे दोन भाग सांगे. डोलकाठीवरच्या खलाशाची गोष्ट झाली की म्हणे, "हे गेलेल्याच्या बातमीचं. पण ज्या बातमीवर माणसाला काही करता येतं, पोचता येतं, ती अडवायची न्हाय. त्याला धरून बसवायचं, आणि तिथल्या तिथे सांगायचं." गोष्ट दर वर्गाला सांगितली जाई. दोन्ही हात म्हटल्यावर शांतता पसरे, मग कुणी तरी काही विनोद करी, हसू होई, आणि पुढचं बोलणं निघे. दुसरा भाग कधी गळला ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या मनात दोन्ही भाग एकाच नियमाचे होते. सांगितला आहे असंच तो धरून चालला होता.

*

उतरणीवर रामचंद्र गुरुजींचा पाय घसरला. ते बसकण मारून दगडांबरोबर थोडे खाली गेले आणि थांबले.

"भूकंप मी केला नाही," ते म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

नीराबाईंनी सगळ्यांना थांबवलं. गुरुजींचा घोटा दाबून पाहिला. उभं केलं. चार पावलं चालवून पाहिलं. मागे तांडेल उभा होता. त्याला ते सगळं पसंत पडलं. अगदी असंच करायचं असतं.

कारवीत सावली होती आणि वाट अरुंद. दादूची काठी तेवढी वाजत होती.

*

खाचरांत भात कापून झालेलं होतं. धसकटं वाळली होती. बांधावर नीराबाईंनी सगळ्यांना बसवलं, पाणी फिरवलं. तांडेलला स्वतः नेऊन दिलं. तो प्यायला. भांडं परत दिलं. टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली, बातमी ऐकायला बसतात तसा बसला.

"तांडेल," त्या म्हणाल्या, "सफुराबाईंची तब्येत फार बिघडली आहे. करमअलींचा निरोप आला होता. दुपारच्या लाँचने बोलावलं आहे."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द तो होता:

"जिती हाय?"

"हो. म्हणजे सकाळी तरी..."

त्याने उन्हाकडे पाहिलं. खांद्यावरचा दोर काढून खाली ठेवला. मातीत. आणि तो पळाला. बांध सोडून, धसकटांतून, मांडव्याच्या दिशेने.

दादू उठून त्याच्यामागे थोडा गेला, आणि गुडघा धरून उभा राहिला.

*

तांडेल मांडव्याच्या धक्क्यावर आला तेव्हा लाँच पाण्यात दिसत होती. हाकेच्या पलीकडे. त्याने हाक मारलीच नाही असं धक्क्यावरचे लोक सांगतात. काही जण म्हणतात, मारली, पण आवाज फुटला नाही.

त्याने एका कोळ्याचा मचवा घेतला. शीड चढवलं. थोडा वेळ वारा होता, मग पडला. त्याने आणि कोळ्याने वल्ही मारली. ज्याने शाळेच्या दर वर्गाला वारा वाचायला शिकवलं होतं तो माणूस त्या संध्याकाळी वाऱ्याशी काही बोलला नाही. वल्हं मारत राहिला.

*

"भाईजान," करमअली हॉस्पिटलच्या पायरीवर म्हणाला, "दिवस मावळताना, मगरिबच्या वेळी गेली."

"बोलत होती?"

"दुपारभर शुद्धीत होती. विचारत होती, लाँच लागली काय. मी म्हटलं, लागली असेल. मग म्हणाली, तर मग येईलच आता."

"आणि?"

"आणि काय. लाँच तर लागून गेली होती, भाईजान, तुम्ही तिच्यात नव्हता. मी धक्क्यावर जाऊन बघून आलो. तिला सांगितलं, अजून यायची हाय."

नजमुद्दीनने मान हलवली. करमअलीने बरोबर केलं होतं.

*

सफुराचा चाळिसावा दिवस झाल्यावर तो शाळेत परत आला. जानेवारीच्या वर्गाचे निकाल त्याच्या मतासाठी थांबले होते. शाळेच्या प्रमुखांनी चाचरत विचारलं.

"नीराबाई पास," तो म्हणाला. "सगळे परत आणले त्यांनी."

नीराबाई थळला त्याच्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या. शेजारच्या शहरबानूने चहा आणून ठेवला, तो निवला.

"मला पास करू नका," त्या म्हणाल्या.

"तुम्ही शिकवलं तसं केलंत, बाई."

"मग लाँच का चुकली?"

"गुरुजींचा पाय घसरला. थांबावंच लागतं."

"तुम्ही दादूंना पाहिलंत. तुम्हाला शंका आली असणार. एक शब्द विचारला असतात..."

"मौन होतं."

नियमाचा दुसरा भाग त्याच्या तोंडाशी आला होता. तो सांगितला असता तर बाईंना कळलं असतं की त्यांच्या हाती एक वाट होती आणि ती त्यांना कुणी दाखवली नव्हती. सफुरा काही त्याने परत येणार नव्हती. बाईंना मात्र ते घेऊन अलिबागपर्यंत जावं लागलं असतं, आणि मग रोज शाळेत.

"चहा घ्या," तो म्हणाला. "निवला वाटतं. दुसरा सांगू?"

*

पुढच्या हिवाळ्यात शाळेत पहिल्यांदाच मुलींचा वर्ग आला. अलिबागहून. बरोबर त्यांच्या बाई.

तांडेलला ते आधी कळलं तेव्हा तो प्रमुखांकडे गेला. "डोंगराचं दुसऱ्या कुणाला सांगू द्या."

"दुसरं कोण आहे?"

नव्हतं कुणी. त्याला वाटलं, बाई दादूकडे जेवणाचं बघायला जातील. पण मुली वाळूत बसल्या आणि नीराबाई त्यांच्या मागे बसल्या, एका मुलीची सुटलेली वेणी हातात घेऊन.

त्याने गोष्ट सांगितली. मलबारचं बंदर. डोलकाठी. बाप गेल्याची हाक. दोन्ही हात. मुलींच्यात विनोद करणारं कुणी नव्हतं.

"म्हणून सगळ्यांना सपाटीवर येऊ द्यायचं," तो म्हणाला. "पाणी द्यायचं. मग सांगायचं."

आणि थांबला.

तिथेच उठता आलं असतं. भरतीची वेळ झाली होती, होड्या बाहेर काढायच्या होत्या. मुली चार दिवसांनी घळीत उतरणार होत्या. त्यांच्यातली एक नायक होणार होती.

"हे गेलेल्याच्या बातमीचं," तो म्हणाला. समुद्राकडे बघत म्हणाला. "पण ज्या बातमीवर माणसाला काही करता येतं, ती अडवायची न्हाय. त्याला धरून बसवायचं, आणि तिथल्या तिथे सांगायचं. मग उशीर नको."

"पण तांडेलकाका," एक मुलगी म्हणाली, "ही बातमी कुठली ते नायकाने ओळखायचं कसं?"

"न्हाय ओळखता आली तर ज्याची त्याला देऊन टाकायची. तो बघेल."

मागे वेणी घालणारे हात थांबले होते. तांडेलने तिकडे पाहिलं नाही. बराच वेळ नीराबाईंनी ती वेणी नुसती धरून ठेवली. मग मुलीने "बाई, ओढतंय," म्हटलं, तेव्हा पुढचा पेड घातला, त्याच्यावर दुसरा, आणि शेवटाला रिबिन बांधली. मुली उठून होड्यांकडे पळाल्या. त्या उठल्या नाहीत.

तांडेल तिथेच उभा राहिला. जायचं की थांबायचं ते त्याला ठरवता येईना.

"पहिल्यापासून होतं हे?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आम्हाला सांगितलं नव्हतंत."

"न्हाय."

त्यांनी मान हलवली. पदर झटकला. वाळू पडली. मग त्या होड्यांकडे गेल्या आणि मुलींबरोबर वाकून होडी ढकलायला लागल्या. तांडेलही दुसऱ्या बाजूने लागला. होडी पाण्यात गेली.

*

त्या जानेवारीच्या दुपारी सारंग बाबाजीने लाँच मांडव्याच्या धक्क्याला धरून ठेवली होती. उतारू ओरडायला लागले, तेव्हा सोडली.